उसनी चाल

मिलिंद,

तू गात होतास आणि आवाज येत नव्हता.

मेलबर्नबाहेरच्या पॉइंट कुकच्या कम्युनिटी हॉलमध्ये तुझं पुण्यानुमोदन होतं. पांढरे कपडे घातलेली माणसं, समोर तुझा फोटो, भंतेजींची धम्मदेसना नुकतीच संपलेली. नितीनने लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर तू आलास. निळा कुर्ता, एक हात कानाशी, गळ्याच्या शिरा फुगलेल्या आणि आवाज शून्य. नितीनला वाटलं केबल सैल झाली. आपल्या मंडळाचा हा कीबोर्डवाला, आयटीत जन्म घालवलेला, टेबलाखाली शिरून वायरी हलवत बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, आवाज वाढव ना!" दुसरा एक धावत जाऊन गाडीतला स्वतःचा स्पीकर घेऊन आला. तेवढा वेळ तू आपला तोंड उघडतोयस, मिटतोयस, मत्स्यालयातल्या माशासारखा. मला हसू फुटलं. ओढणी तोंडात कोंबली तरी आवाज झालाच. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं हुंदका आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

केबलला काहीही झालं नव्हतं. तो व्हिडिओच मुका होता, आणि तो तू स्वतःच्या बोटाने मुका केला होतास. हे मला माहीत होतं, वंदनाला माहीत होतं. पण ती नवऱ्याच्या फोटोसमोर बसलेली, ती काय सांगणार. आणि मी सांगितलं नाही, कारण मला ते बघायचं होतं. सहा-सात माणसं मिळून तुझा आवाज शोधत होती, आणि असं दृश्य पुन्हा दिसणार नव्हतं.

मग भाषणं झाली. मेल्यावर माणूस गोड होतो हे मला मान्य आहे, पण तुझा लोकांनी पार गुळांबा केला. एक म्हणाला, मिलिंददादा म्हणजे शिस्त. दुसरी म्हणाली, हाती घेतलेलं काम त्यांनी कधी अर्धं सोडलं नाही. मग आपल्या फॅक्टरीतला ग्रेग उठला, टाय लावून आला होता. माइक धरून म्हणाला, "मिलिंड वॉज वन ऑफ द मोस्ट फोकस्ड ब्लोक्स आय एव्हर वर्क्ड विथ." ज्याने तुला परफॉर्मन्स प्लॅनवर टाकलं होतं आणि दर शुक्रवारी समोर बसवून 'या आठवड्यात काय पूर्ण केलं' म्हणून विचारायचा, तोच हा ग्रेग. मी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, तू कसा हसतोयस ते बघायला. तिथे त्या पाठीवर हात फिरवणाऱ्या बाईची पर्स होती.

खरं कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलते. तू कामाला बसू न शकणारा माणूस होतास. आपल्या फॅक्टरीत ट्रकच्या बॉड्या बनतात. मी क्वालिटीत, तू प्लॅनिंगमध्ये. कुठली बॉडी कुठल्या दिवशी लाइनवर चढणार हे तू ठरवायचं. ज्याला स्वतःचा चहा कधी प्यायचा ते ठरवता येत नव्हतं त्याला कंपनीने प्लॅनर केलं, हा या देशाचा मोठेपणा. तुझं कामाला बसणं हा एक सोहळाच असायचा. आधी टेबल पुसायचं. मग हेडफोन. मग मोबाइलमध्ये तो टोमॅटोचा, पंचवीस मिनिटं एकाग्र बसवणारा टायमर लावायचा. टायमर सुरू झाला की तुला आठवायचं की खुर्ची नीट नाही. उभ्याने काम करायचं टेबल मागवलंस, तर त्यावर कोपर टेकवून तू खिडकीबाहेरचे फोर्कलिफ्ट बघत उभा. आणि संध्याकाळी परतताना गाडीत माझ्या शेजारी बसून डोकं धरायचास. "आज पण काहीच झालं नाही, शैले."

"आळस आहे हा," मी म्हणायचे. "दुसरं काही नाही."

"आळशी माणूस मजेत असतो गं. मी मजेत दिसतो का तुला?"

नाही दिसायचास. पण मी ते कधी म्हटलं नाही. डॉक्टरांनी तुला लक्ष लागत नाही त्याची तपासणी करून घे म्हणून सांगितलं होतं, आणि तू ती अपॉइंटमेंट घ्यायलाच विसरलास. हा विनोद मी लंचरूममध्ये चार वेळा सांगितला. चारही वेळा लोक हसले, तूही हसलास. आता मी त्याचं वाईट वाटून घ्यावं असं काही लोकांचं म्हणणं आहे. विनोद चांगला होता, मिलिंद. तूच मला म्हणाला होतास, अजून एकदा सांग, ग्रेगला पण सांग.

गाण्याला मात्र तू बसायचास. मनमाडला तुझे वडील रेल्वेत होते आणि फावल्या वेळात गायन पार्टी चालवायचे. भीमजयंतीच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे गाणं नसायचं. संध्याकाळी त्या वर्षी गाजत असलेल्या सिनेमाची चाल उचलायची, तिच्यावर आपले शब्द बसवायचे, आणि सकाळी सगळी वस्ती गायला तयार. चाल तर आधीच सगळ्यांच्या ओठावर. तू मला हे इतक्या वेळा सांगितलंयस की त्या स्टेजच्या फळ्या मी पाहिल्यात असं मला वाटतं. "नवी चाल लोकांना शिकवायला महिना लागतो," तू म्हणायचास. "आमच्या लोकांकडे महिना कुठला? दिवसभर ड्यूटी आणि एका संध्याकाळपुरता भाड्याचा माइक."

तर मेलबर्नच्या जयंतीला तू वडिलांसारखंच केलंस. एका जुन्या हिंदी सिनेमातलं प्रेमगीत उचललंस, नायक बागेत नायिकेच्या मागे पळतो तसलं, आणि त्यावर लिहिलंस:

उसना नाही उजेड माझा, काडी माझी, वात माझी
दारं ज्यांनी लावून घेतली, त्यांनाही दिसेल ज्योत माझी

हॉल उभा राहिला होता. स्टुडंट व्हिसावरची पोरं शिट्ट्या मारत होती, म्हाताऱ्या आया डोळे पुसत होत्या. माझ्याही अंगावर काटा आला होता, हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता ऐक. काटा आला होता. पण दुसऱ्या दिवशी गाडीत मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. म्हणाले, "ओळ काय, तर उसना नाही उजेड माझा. आणि चाल? आख्खीच्या आख्खी उसनी. आयत्या बिळावर नागोबा आहेस तू."

"चाल कुणाच्या बापाची नसते."

"असते. ज्याने बसून केली त्याच्या बापाची असते. तोही कुठेतरी डोकं धरून बसला असेल ना पेटीसमोर?"

"शैले, ते गाणं लोकांना आधीच पाठ आहे म्हणून माझं पोचतं. मी त्याचं काय घेतलं? त्याचं गाणं कमी झालं का?"

तेव्हापासून मी तुला नागोबा म्हणायला लागले, आणि तुला ते आवडायला लागलं, हे आणखी वाईट. मग काही महिन्यांनी डँडेनॉन्गच्या कुठल्याशा कार्यक्रमात एका ग्रुपने तुझं 'उसना नाही' गायलं, तुझं नाव न घेता. आठवडाभर तू गाडीत धुमसत होतास. "निदान नाव तरी घ्यायचं! शब्द माझे आहेत!" मी वेस्ट गेट पुलावर गाडी हळू केली, फक्त तुझं तोंड नीट बघता यावं म्हणून, आणि विचारलं, "का रे, शब्द तरी कुणाच्या बापाचे असतात?" मॉनॅश फ्रीवेच्या पहिल्या एक्झिटपर्यंत तू रेडिओची स्टेशनं बदलत बसलास. ते भांडण तसंच राहिलं. तू जिंकलास की मी, हे ठरवायला तू थांबला नाहीस.

आता त्या मुकेपणाचं सांगते, कारण हॉलमधल्या कुणालाच ते कळलं नाही.

गाणं तू तुझ्या चॅनेलवर टाकलंस. फोन भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसूनही टाकलंस, "आता ते नेटवर आहेच की." मग एके दिवशी आफ्टरनूनच्या चहाला तू माझ्या टेबलाशी आलास, पांढराफटक. म्युझिक कंपनीचा कॉपीराइटचा दावा आला होता. मी मोबाइल घेऊन वाचलं. व्हिडिओ राहणार होता, कुणी बघितला तर जाहिरातीचे पैसे त्यांना जाणार होते, बस. तुझा व्हिडिओ बघणार कोण, आपणच.

"नो वरीज रे. काही करू नकोस," मी म्हणाले. "पडू दे तसाच."

"माझा सिटिझनशिपचा अर्ज आहे आत."

"मग?"

"त्यात कॅरेक्टर बघतात. पोलीस चेकमध्ये आलं तर? चोरी म्हणून आलं तर?"

"मिलिंद, हे पोलीस नाहीत. हे एक कॉम्प्युटर आहे."

"तुला काय माहीत? तुझा पासपोर्ट आलाय हातात."

आणि तू माझ्यासमोर, चहाचा कप माझ्या इन्स्पेक्शनच्या कागदांवर ठेवून, पर्याय वाचलेस. तिथे 'आवाज काढून टाका' असं होतं. तू ते दाबलंस. जो माणूस एक ईमेल पाठवायला तीन दिवस घ्यायचा, त्याने आयुष्यात एकदाच एक काम तिथल्या तिथे उरकलं, आणि ते हे. पुढे तुला सिटिझनशिप मिळाली, समारंभात सगळ्यांना देतात ते छोटंसं झाड हातात घेऊन तुझा फोटो आहे. कुणीही तुला गाण्याबद्दल विचारलं नाही. झाड मेलं. आवाज परत आणायचा काही उपाय नव्हता, तो कायमचा गेला होता.

तुला खरी लाज वाटली ती नंतर. आपल्या लोकांच्या गाण्याला आपणच बोळा घातला, वडील असते तर थुंकले असते, असं तू म्हणालास. मी म्हणाले, "मग कर ना स्वतःची चाल. शब्द तर आहेतच. कुणाच्या बापाची नसलेली एक चाल करून दाखव." मी टोमणा मारला होता. तू तो शपथेसारखा घेतलास.

आणि तिथेच घोडं अडलं. दुसऱ्याच्या चालीवर एका संध्याकाळीत गाणं लिहिणारा तू, स्वतःच्या चालीसमोर मात्र फॅक्टरीतल्या त्या टेबलासमोर बसावं तसा बसायला लागलास. पहिली ओळ झाली की तुला ती कुणाच्या तरी गाण्यासारखी वाटायची. मोडायचास. पुन्हा करायचास. आणि नितीनला ऐकवायला तयार नाहीस, मंडळात ऐकवायला तयार नाहीस, रेकॉर्ड तर अजिबात करायचं नाही. "अजून तयार नाही." दोन जयंत्या गेल्या. तुझी लेक मैत्री दहावीत गेली. मी म्हणाले, "बायका एवढ्या वेळात दोन बाळंतपणं उरकतात."

ती चाल तू फक्त माझ्यासमोर गायचास. आणि का, तर मी बेसूर आहे म्हणून. हे तू तोंडावर सांगितलंस. "नितीनला लगेच कळेल कुठून काय आलंय. तुला सूरच कळत नाही, तुझ्यासमोर कसली भीती?" पुलाचा चढ लागला की तू कानाशी हात न्यायचास आणि सुरू करायचास. खाली बंदरातल्या क्रेन, पुढे शहर, आणि गाडीत तू. मी एकदा रेकॉर्ड करते म्हणाले तर तू माझा फोन घेऊन ग्लोव्हबॉक्समध्ये टाकलास आणि वर शपथ घ्यायला लावलीस. मी घेतली. एवढी काय किंमत आहे त्याची, असं मला वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने सांगायला हवी. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं. म्हणाल्या होत्या, शैला, तू नुसते ओठ हलव. सगळी शाळा मी ओठ हलवून काढली. लग्नात, जयंतीला, बुद्धवंदनेलासुद्धा मी ओठच हलवते. हे तुला सांगितलं तेव्हा तू आधी पोट धरून हसलास, नेहमीसारखा. मग म्हणालास, "इथे गा. गाडीतून कोण ऐकतंय? ट्रकवाले?" आणि मी गायले, मिलिंद. तुझ्या मागून, तुझी ती अर्धी चाल. तू एकदाही थांब म्हणाला नाहीस. एकदाही चुकलं म्हणाला नाहीस. चाळिशी उलटलेल्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी गाऊ दिलं. याचे आभार मानायचे राहिले आहेत. मानते.

त्या सोमवारी मी तुझ्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. तू आला नाहीस. पुन्हा वाजवला, लांब. समोरच्या घरातला म्हातारा खिडकीत आला. मी मनात म्हणाले, बसला असेल बूट शोधत. तिसऱ्यांदा हात हॉर्नवरून उचललाच नाही, तेव्हा वंदना बाहेर आली. नर्सिंग होमचा युनिफॉर्म, पाय अनवाणी. तिने हात हलवून मला गाडी बंद करायला सांगितलं. तिला अँब्युलन्सचा आवाज ऐकू यायला हवा होता.

त्या हॉर्नबद्दल मी माफी मागणार नाही. तू रोज उशीर करायचास.

पुण्यानुमोदनानंतर आठवड्याने वंदना माझ्याकडे आली. जयंती जवळ आली होती. "शैलाताई, त्यांनी नवीन चाल केली होती ना? मंडळाला त्यांचं गाणं त्याच चालीवर गायचंय. मी कधी ऐकली नाही. मी शिफ्टवर असायचे, आणि घरात असले की ते गप्प व्हायचे. तुम्ही ऐकली आहे. तुम्ही नितीनला सांगाल?" तिच्या हातात तुझ्या शब्दांचं प्रिंट होतं. मुका व्हिडिओ आणि हे शब्द, एवढंच तुझं उरलं होतं, आणि तिसरी गोष्ट माझ्या डोक्यात होती. मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार होते?

नितीनच्या गॅरेजमध्ये बसलो. एका बाजूला त्याच्या मुलांच्या सायकली, एका बाजूला कीबोर्ड. मी डोळे मिटले, पूल आठवला, क्रेन आठवल्या, तुझा कानावरचा हात आठवला. आणि गायले. दुसऱ्या माणसासमोर, आवाज काढून. माझे कान तापले होते. संपल्यावर नितीनने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. चांगला मुलगा आहे. शब्द शोधत होता.

"ताई, ही... ही ती जुनीच आहे. सिनेमातली."

"शक्यच नाही."

त्याने वाजवून दाखवली. मला दोन्हींत फरक कळला नाही. मला कळणारच नव्हता. म्हणून तर तू माझ्यासमोर गात होतास ना?

"ती अशी नव्हती," मी म्हणाले. "ती चढावर वर जायची."

"कुठे वर? या सुरावर? की यावर?"

"मला सूर कसले सांगतोस? पुलावर वर जायची."

त्याने वर नेली. मी म्हणाले, एवढी नाही. त्याने खाली आणली. मी म्हणाले, मध्ये कुठेतरी थांबायचा तो, श्वास घेतल्यासारखा. त्याने थांबवली. मी पुन्हा गायले, तो माझ्या मागून बोटं फिरवत राहिला, माझं जिथे घसरलं तिथे त्याला वाटलं की तूच ते तसं केलंयस. दुपारभर हे चाललं. त्याच्या बायकोने चहा दिला, पोहे दिले. शेवटी त्याने सगळं जोडून सलग वाजवलं आणि मान डोलावली. "वेगळी आहे हं. कुठल्याच गाण्यासारखी वाटत नाही. दादाने खरंच काहीतरी नवीन केलं होतं." मला विचारलं, "हीच ना?"

मी म्हणाले, हीच. मला खरंच तसं वाटलं, मिलिंद. दुपारभर ऐकल्यावर कुठलीही चाल हीच वाटते.

जयंतीला त्यांनी ती गायली. नितीन कीबोर्डवर, मागे आठ-दहा जण, पुढच्या रांगेत तुझी मैत्री पांढऱ्या साडीत, पहिल्यांदाच साडीत. निवेदिकेने सांगितलं, शब्द आणि चाल, दिवंगत मिलिंददादा. तू म्हणायचास तसंच झालं, नवी चाल लोकांना येत नव्हती. ज्या हॉलने त्या प्रेमगीतावर शिट्ट्या मारल्या होत्या तो हॉल शांत बसून ऐकत राहिला. ओठ हलत होते काहींचे, शब्द पाठ होते म्हणून, पण कुठे पकडायचं ते कुणाला कळत नव्हतं. पूर्ण हॉल माझ्यासारखा झाला होता. शेवटी टाळ्या झाल्या, आदराच्या. वंदना रडली. नितीनने व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने मला फोन केला. "ताई, क्लेम नाही आला! क्लीन आहे!" जगातल्या कुठल्याच कंपनीने त्या चालीवर हक्क सांगितला नाही. ती कुणाचीच नव्हती. तुझी तर नव्हतीच बहुतेक.

हे 'बहुतेक' मी अजून काही दिवस चालवलं असतं. पण कार्यक्रमानंतर वंदनाला ड्यूटीवर जायचं होतं, म्हणून मैत्रीला मी घरी सोडायला निघाले. ती तुझ्या सीटवर बसली. साडीच्या निऱ्या मुठीत धरून, पाय डॅशबोर्डखाली आखडून. मी म्हणाले, छान गायलीस.

"थँक्स." मग बाहेर बघत, "मावशी, दॅट वॉजन्ट इट."

"काय?"

"बाबाची ट्यून. दॅट्स नॉट हाऊ ही सँग इट. तो सकाळी माझा लंच पॅक करताना गायचा, व्हेन ही थॉट नोबडी वॉज लिसनिंग. दॅट वॉज... डिफरंट."

मी गाडी बाजूला घेतली. हॅझर्ड लाइट लावले. म्हणाले, "मैत्री, गा. जशी आठवते तशी. एक ओळ तरी गा."

तिने तोंड उघडलं. तुझीच हनुवटी आहे तिची. ओठ गोल केले, 'उसना' म्हणायला. मी वाट पाहत होते. मग तिने तोंड मिटलं.

"आय कान्ट. आय डोन्ट नो इट. हाफ द टाइम आय हॅड माय इअरबड्स इन." आणि ती रडायला लागली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. "पण ही नव्हती, मावशी. आय नो ही नव्हती."

तेव्हा मलाही कळलं की ही नव्हती. बेसूर बाईलाही एवढं कळतं.

तुझी चाल आता आम्हा दोघींकडे आहे, नागोबा. ही नव्हती, एवढीच.

शैला